प्याला, गोळी आणि पहिलं छापील पान



आजचा विषय जादूचा आहे, पण मी जादू करून दाखवणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. खिशात काही लपवलेलं नाही. आज आपण एका जुन्या खेळाचे कागदपत्र तपासणार आहोत.

खेळ तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेला असणार. तीन प्याले उपडे ठेवलेले, तीन छोट्या गोळ्या. एका प्याल्याखाली ठेवलेली गोळी नाहीशी होते, दुसऱ्याखाली निघते. मग तिन्ही गोळ्या एकाच प्याल्याखाली जमतात. आणि शेवटी प्याले उचलावेत तर गोळ्यांच्या जागी लिंबं, कांदे, कधी कोंबडीचं जिवंत पिल्लू. इंग्रजीत याला ‘कप्स अँड बॉल्स’ म्हणतात, फ्रेंच लोक नुसतं ‘गोबले’ म्हणजे प्याले म्हणतात. आपल्याकडचा मदारी वाट्या घेऊन जमिनीवर बसतो, म्हणून मी त्याला वाट्या-गोळ्यांचा खेळ म्हणणार आहे.

जादू शिकणारा मुलगा किंवा मुलगी कधीतरी विचारतेच, की याचा मूळ ग्रंथ कोणता? हा खेळ पहिल्यांदा छापला गेला कुठे? प्रश्न साधा वाटतो. एक साल, एक पुस्तक, एक नाव सांगितलं की झालं. पण उत्तर शोधायला बसलं की लक्षात येतं, आपण एका वेळी तीन निरनिराळ्या गोष्टी शोधतोय. खेळाचा नुसता उल्लेख कुठे आहे, ही एक गोष्ट. तो कसा करायचा याची कृती कुठे आहे, ही दुसरी. आणि एखाद्या कलावंताने सुरुवातीपासून शेवटापर्यंत बांधलेला पूर्ण प्रयोग, ज्याला जादूगार ‘रुटीन’ म्हणतात, तो कुठे आहे, ही तिसरी. या तिघांची गल्लत झाली की इतिहास बिघडतो. आणि जादूच्या इतिहासात ही गल्लत पानोपानी आहे.

आधी उल्लेखांकडे जाऊ. तिथे फार वेळ घालवायचा नाही, पण एक जुनी दंतकथा बाजूला सारायला हवी. इजिप्तमध्ये बेनी हसन इथे बाकेत नावाच्या अधिकाऱ्याची कबर आहे, सुमारे ४००० वर्षांपूर्वीची. तिच्या भिंतीवर दोन माणसं समोरासमोर वाकून बसलेली आहेत आणि मध्ये उपड्या वाडग्यांसारखं काहीतरी आहे. एकोणिसाव्या शतकात या चित्राच्या नकला युरोपात छापून आल्या, आणि तेव्हापासून जादूच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात ‘जगातली सर्वांत जुनी जादू’ म्हणून हे चित्र येतं. आता जरा त्या चित्राच्या शेजारी बघा. त्याच भिंतीवर कुस्ती आहे, इतर खेळ आहेत. दोघेही हात वाडग्यांवर ठेवून आहेत, प्रेक्षक असा कुणीच नाही, आणि गोळी तर दिसतच नाही. हा दोघांनी मिळून खेळायचा कुठलातरी खेळ असावा, हे मत मला जास्त पटतं. निदान पुरावा म्हणून हे चित्र पुढे करू नये.

खात्रीचा उल्लेख रोमन काळातला आहे. सेनेका हा तत्त्वज्ञ इसवी सनाच्या पहिल्या शतकात आपल्या मित्राला पत्रं लिहितो. त्यातल्या ४५व्या पत्रात तो शब्दच्छल करणाऱ्या पंडितांना जादूगाराच्या प्याल्यांची आणि खड्यांची उपमा देतो. फसवलं जाण्यातच तिथे मजा असते, युक्ती कळली की गोडी गेली, असा त्याचा मुद्दा. त्यानंतर अल्सिफ्रॉन नावाच्या ग्रीक लेखकाची काल्पनिक पत्रं आहेत. त्यात एक शेतकरी शहरात येऊन नाट्यगृहात हा खेळ बघतो. तीन ताटल्या, खाली खडे, मग ते खडे माणसाच्या तोंडात, मग शेजाऱ्यांच्या नाकाकानांतून निघतात. शेतकरी थक्क होतो आणि म्हणतो, असला प्राणी माझ्या शेतावर नको रे बाबा, सगळा माल उचलून नेईल! बघा, इतक्या जुन्या काळापासून बघणाऱ्याच्या मनात जादूगार आणि चोर शेजारी शेजारीच उभे आहेत. बॉश या डच चित्रकाराच्या नावाने ओळखलं जाणारं ‘जादूगार’ नावाचं चित्र फ्रान्समध्ये सँ-जर्मां-आँ-ले इथे आहे. त्यातही तेच. टेबलावर प्याले आणि गोळ्या, समोर वाकून बघणारा माणूस, आणि मागे उभा असलेला त्याचा बटवा लांबवतोय.

आपल्याकडेही जादूगार ग्रंथांत येतो. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात ढाल-तलवार घेऊन दोरीने आकाशात चढणारा मायावी आहे, आणि खरा मायावी मात्र जमिनीवरच उभा आहे, असा दृष्टान्त आहे. पण हा दृष्टान्त अद्वैत समजावण्यासाठी आहे. सेनेकाचंही तसंच. या कुणालाच खेळ कसा होतो ते सांगायचं नव्हतं. त्यांना दुसरंच काही सांगायचं होतं, आणि जादूगार सगळ्यांच्या ओळखीचा म्हणून त्याला उदाहरणात ओढला.

कृती छापील स्वरूपात यायला १५८४ साल उजाडावं लागलं. आणि इथे मात्र आपण थांबणार आहोत, कारण हे पान कशासाठी छापलं गेलं ते कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

इंग्लंडमधल्या केंट परगण्यात रेजिनाल्ड स्कॉट नावाचा एक जमीनदार घराण्यातला माणूस होता. त्याने १५७४ मध्ये हॉप नावाच्या वेलाच्या लागवडीवर पुस्तक लिहिलं. हॉप म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वनस्पती. आपल्याकडे कुणी ऊस लागवडीची माहितीपुस्तिका काढावी, तसंच हे पुस्तक. मांडव कसा घालायचा, वेल कसा चढवायचा, सोबत चित्रं. म्हणजे कृती नीट सांगण्याची सवय असलेला हा माणूस. याने १० वर्षांनी ‘द डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट’ हा ग्रंथ लिहिला. नावावरून वाटेल चेटूक शोधून काढण्याचं पुस्तक. पण त्या काळच्या इंग्रजीत ‘डिस्कव्हरी’ म्हणजे झाकण काढून आतलं दाखवणं. चेटकाचा बुरखा फाडणं.

त्याच्या आसपास काय चाललं होतं? शेजारच्या एसेक्समध्ये सेंट ओसिथ या गावच्या बायकांवर १५८२ मध्ये चेटकाचे खटले झाले आणि दोघींना फाशी झाली. आरोप कसले? शेजाऱ्याचं मूल आजारी पडलं, गाय दूध देईना, कुणाशी भांडण झालं आणि मग त्या घरात मृत्यू झाला. आरोपी बहुतेक गरीब, अनेकदा म्हाताऱ्या, दारोदार काहीबाही मागणाऱ्या. पुरावा म्हणजे शेजाऱ्यांच्या साक्षी, आणि लहान मुलांच्यासुद्धा. स्कॉटचं म्हणणं असं की या बायांच्या अंगात काही शक्तीबिक्ती नाही. ज्याला तुम्ही अद्भुत म्हणता, त्यातलं बरंचसं भ्रम आहे, आजार आहे, किंवा सरळ हातचलाखी आहे. आणि हातचलाखी म्हणजे काय, हे न्यायाधीशाला कळायचं तर ती उलगडून दाखवावी लागेल. म्हणून त्या जाडजूड ग्रंथाच्या तेराव्या भागात त्याने गोळ्या, नाणी, पत्ते, दोऱ्या यांच्या युक्त्या लिहून काढल्या. मुंडकं उडवून थाळीत ठेवण्याच्या खेळाचं टेबल आतून कसं असतं तेही सांगितलं. कंबरेला छेद देऊन बनवलेल्या नकली सुऱ्यांची चित्रं दिली.

गोळ्यांचा खेळ त्यात पहिल्या मानाचा आहे. गोळी तळहाताच्या घडीत किंवा बोटांच्या मध्ये कशी धरायची, एका हातातून दुसऱ्या हातात दिल्याचं नाटक कसं करायचं, आणि मेणबत्तीच्या दिवठाणाच्या बुडाखाली, वाडग्याखाली किंवा मिठाच्या भांड्याच्या झाकणाखाली ती कशी सारायची. म्हणजे खास बनवलेले प्यालेही नाहीत, घरात सापडेल ते भांडं. आजच्या जादूगाराने ते वाचलं तर त्याला तंत्र ओळखीचं वाटेल. पण पूर्ण प्रयोग त्यात नाही.

आता दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली, स्कॉटला हे सगळं आलं कुठून? तो स्वतः जादूगार नव्हता. त्याने एका माणसाचं नाव लिहून ठेवलं आहे: जॉन कॉटारेस. जन्माने फ्रेंच, लंडनच्या सेंट मार्टिन्स भागात राहणारा, हाताने कष्ट करून पोट भरणारा. या माणसाइतका सफाईदार हात आज दुसऱ्या कुणाचा नाही, असं स्कॉट म्हणतो. बस्स, एवढंच. इंग्रजीतल्या पहिल्या जादूविद्येच्या पानामागचे हात एका परदेशी कामगाराचे होते आणि त्याच्या वाट्याला एका परिच्छेदातला उल्लेख आला. दुसरी गोष्ट, स्कॉटला याची बोच आहे. तो लिहितो की ही गुपितं उघडी करण्याची पाळी माझ्यावर यावी याचं मला वाईट वाटतं, कारण यावर पोट भरणाऱ्या गरिबांचं नुकसान होणार आहे. एका बाजूला फाशी जाणाऱ्या बायका, दुसऱ्या बाजूला जत्रेत चार पैसे मिळवणारा खेळिया. त्याने निवड केली, आणि ती योग्य होती असं माझं मत आहे. पण किंमत कोण देणार आहे हे त्याला माहीत होतं.

महाराष्ट्रात बसून हे वाचताना वेगळं सांगायला नको. जिभेवर कापूर जाळून दाखवणारे, नारळातून काळं कापड काढून दाखवणारे आणि ‘यात चमत्कार नाही, तुम्हीही करू शकता’ म्हणणारे कार्यकर्ते आपण पाहिलेत. चमत्काराला उत्तर म्हणून हातचलाखी शिकवायची, ही पद्धत स्कॉटचीच. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात हत्या झाली, आणि त्यानंतर काही महिन्यांनी जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. म्हणजे हा विषय फक्त १५८४चा नाही.

स्कॉटच्या पुस्तकाचं पुढे काय झालं? स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याने १५९७ मध्ये चेटूक खरं असतं हे सिद्ध करायला ‘डेमोनॉलॉजी’ लिहिलं आणि त्यात स्कॉटचं नाव घेऊन टीका केली. हे पक्कं आहे, पुस्तक उघडून बघता येतं. पण त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगितली जाते, की १६०३ मध्ये जेम्स इंग्लंडच्या गादीवर आल्यावर त्याने स्कॉटच्या सगळ्या प्रती जाळायला लावल्या. गोष्ट चटकदार आहे. जादूचे दुकानदार जुनी प्रत विकताना हमखास सांगतात. मात्र त्या काळातलं कुठलंही फर्मान तिच्या पाठीशी उभं नाही, ती नंतरच्या लेखकांकडून येते. छापील पुस्तकांत एखादी गोष्ट ४० वेळा आली म्हणजे ४० पुरावे झाले असं नसतं. ३९ जणांनी पहिल्याची नक्कल केलेली असू शकते.

आणि नक्कल हा तर या सगळ्या शोधाचा गाभा आहे. १६१२ मध्ये सॅम्युअल रिड याचं ‘द आर्ट ऑफ जगलिंग’ आलं. त्यातला हातचलाखीचा मोठा भाग सरळ स्कॉटवरून उतरवलेला आहे. मग १६३४ मध्ये ‘होकस पोकस ज्युनियर’. यावर लेखकाचं नाव नाही. यातही स्कॉटचं बरंच काही आहे, पण वाट्या-गोळ्यांच्या बाबतीत हे पुस्तक खरोखर पुढे जातं. इथे पहिल्यांदा खास बनवलेले प्याले दिसतात, त्यांचं चित्र दिसतं, बुचाच्या लाकडाच्या, लहान जायफळाएवढ्या गोळ्या सांगितल्या आहेत, आणि एकामागून एक हालचाली क्रमाने दिल्या आहेत. बोलायचं कधी, प्याला उचलायचा कधी, गोळी सारायची कधी. म्हणजे तुम्ही मला विचाराल की या खेळाची पहिली सचित्र, क्रमवार छापील मांडणी कुठली, तर मी १६३४ म्हणेन. पहिली कृती कुठली विचाराल, तर १५८४. कुठला प्रश्न विचारताय ते आधी ठरवा.

या ‘होकस पोकस’ नावावरून एक आडवाट घेतो, कारण ती सोडवत नाही. हे नाव आलं कुठून हे सांगणारा एक महत्त्वाचा साक्षीदार म्हणजे थॉमस एडी. १६५६ मध्ये छापलेल्या ‘अ कँडल इन द डार्क’ या पुस्तकात तो सांगतो, की जेम्स राजाच्या काळात एक खेळिया स्वतःला होकस पोकस म्हणवून घ्यायचा. आता हे एडीचं पुस्तक कशावर आहे? पुन्हा चेटकाच्या खटल्यांविरुद्धच! आणि याच पुस्तकाचा एक उतारा अमेरिकेत सेलमच्या कुप्रसिद्ध खटल्यांत येतो. १६९२ मध्ये जॉर्ज बरोज नावाच्या धर्मोपदेशकावर चेटकाचा आरोप होता. त्याने ज्यूरीपुढे एक कागद ठेवला: सैतानाशी करार करून दुसऱ्याला दुरून छळणारी चेटकीण असा प्रकारच नसतो. कोर्टात कुणीतरी ओळखलं की हा मजकूर एडीच्या पुस्तकातून उतरवला आहे. बरोज म्हणाला, मी कुठल्याही पुस्तकातून घेतलेलं नाही. मग म्हणाला, एका गृहस्थाने मला हस्तलिखित दिलं होतं. मजकूर खरा की खोटा, ही चर्चा बाजूला राहिली आणि मजकूर चोरला की नाही यावर त्याची पत घसरली. १९ ऑगस्ट १६९२ ला त्याला फाशी दिलं. स्रोत न सांगण्याची इतकी मोठी किंमत दुसऱ्या कुणी दिली असेल असं मला वाटत नाही.

परत मुख्य रस्त्यावर येऊ. इंग्रजीत १७२२ मध्ये हेन्री डीनचं पुस्तक आलं, आणि पुढे शंभरावर वर्षं ते छापलं जात राहिलं, अमेरिकेतसुद्धा. पत्र्याचे तीन प्याले, बुचाच्या चार गोळ्या, पण टेबलावर तीनच दिसू द्यायच्या, ही त्यातली सूचना. तिकडे फ्रान्समध्ये एक सापळा आहे. झाक ओझानाम या गणितज्ञाचं गमतीच्या गणिताचं पुस्तक १६९४ मध्ये निघालं. अनेक ठिकाणी तुम्हाला वाचायला मिळेल, की प्याल्यांचा खेळ ओझानामने १६९४ मध्ये छापला. पण हातचलाखीचा भाग आला तो १७२३च्या वाढीव आवृत्तीत, आणि तेव्हा ओझानाम हयातच नव्हता. दुसऱ्याच संपादकाने तो घातला. म्हणजे पुस्तकाचं नाव बरोबर, लेखकाचं नाव मुखपृष्ठावर आहे तेच, आणि तरीही श्रेय तीसेक वर्षांनी आणि एका माणसाने चुकलं. म्हणून सांगतो, पुस्तकाचं साल पुरेसं नाही, आवृत्तीचं साल बघा. आज जुन्या ग्रंथांच्या स्कॅन केलेल्या प्रती घरबसल्या उघडता येतात, तेव्हा दोन आवृत्त्या शेजारी लावून बघायला फार तर एक संध्याकाळ जाईल.

एकोणिसाव्या शतकात वाचक बदलला. आता पुस्तक घेणारा होता हौशी मध्यमवर्गीय. १८७६ मध्ये लंडनला ‘मॉडर्न मॅजिक’ आलं. लेखक ‘प्रोफेसर हॉफमन’. खरं नाव अँजेलो लुइस, पेशाने बॅरिस्टर. आधी मुलांच्या मासिकात लेख म्हणून आलेला मजकूर. वकिलाची शिस्त त्यात पानोपानी दिसते: हा हात इथे, बोट तिथे, आता प्रेक्षकाकडे बघा. वाट्या-गोळ्यांना त्याने स्वतंत्र प्रकरण दिलं आणि हा खेळ म्हणजे सगळ्या हातचलाखीचा पाया आहे असं म्हटलं. धंदेवाईक जादूगारांना पोटात गोळा आला, की आता आपलं कसं व्हायचं! झालं उलटंच. ते पुस्तक वाचून जादूगारांची एक पिढी उभी राहिली.

आणि मग तिसरा प्रकार, पूर्ण रुटीन. आज जगभरातल्या रंगमंचांवर जो प्याल्यांचा खेळ दिसतो, त्यातल्या कितीतरी जणांचा सांगाडा डाय व्हर्नन या कॅनडात जन्मलेल्या जादूगाराचा आहे. १८९४चा जन्म, १९९२ मध्ये गेला. त्याची रचना १९५७ मध्ये लंडनला छापलेल्या ‘द डाय व्हर्नन बुक ऑफ मॅजिक’मध्ये आहे, फोटोंसकट. ते लिहिलं कुणी? लुइस गॅन्सनने. व्हर्ननने करून दाखवलं, गॅन्सनने शब्दांत बसवलं. इथेही हात एकाचे आणि लेखणी दुसऱ्याची. फरक एवढाच, की मुखपृष्ठावर नाव हातांच्या मालकाचं आहे. १५८४ पासून १९५७ पर्यंत कॉटारेसला जे मिळालं नाही ते व्हर्ननला मिळालं.

याला व्यावहारिक बाजूही आहे. युक्तीवर कॉपीराइट मिळत नाही, हे लक्षात ठेवा. गोळी तळहातात लपवण्यावर कुणाची मालकी नाही. पण बांधलेल्या नाट्यमय प्रयोगावर असू शकते. अमेरिकेत टेलर या जादूगाराने आपला ‘शॅडोज’ हा प्रयोग १९८३ मध्ये मूकनाट्य म्हणून नोंदवून ठेवला होता. २०१२ मध्ये त्याची नक्कल विकायला निघालेल्या माणसावर त्याने दावा लावला, आणि २०१४ मध्ये नेव्हाडाच्या न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. हाच टेलर आपला जोडीदार पेन याच्याबरोबर पारदर्शक प्याल्यांनी वाट्या-गोळ्यांचा खेळ करतो. सगळं डोळ्यांदेखत दिसतं आणि तरीही हात मागे पडत नाहीत. सेनेका म्हणाला होता कळल्यावर गोडी जाते. त्याला हा प्रयोग दाखवायला हवा होता.

आता आपल्याकडे या. भारतीय वाट्या-गोळ्यांची घडण वेगळी आहे. वाटी उथळ, माथ्यावर मूठ किंवा गाठ. ती मूठ पहिल्या दोन बोटांच्या मध्ये धरली की अंगठा आणि उरलेली बोटं मोकळी राहतात, आणि त्याच हाताला गोळीचं काम करता येतं. युरोपातला उंच प्याला वरून मुठीत धरतात, तिथे हे जमत नाही. शिवाय मदारी जमिनीवर मांडी घालून बसतो, टेबल नाही, भोवती चारी बाजूंनी माणसं. आणि जंबुऱ्याशी चाललेली सवाल-जबाबाची बडबड. ती बडबड नुसती करमणुकीसाठी नसते. नजर कुठे जायची ते तीच ठरवते.

या खेळाचा छापील स्रोत शोधायला गेलं की काय हाती लागतं? १८१३ मध्ये लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावर ‘भारतीय जगलर’ खेळ करू लागले, त्यांच्या जाहिराती आणि वर्णनं आहेत. प्याल्यांचा खेळ त्यांत होता. विल्यम हॅझलिटने १८२१च्या आपल्या संग्रहात ‘द इंडियन जगलर्स’ हा निबंध छापला. पांढरे कपडे, घट्ट बांधलेला फेटा, जमिनीवर बसलेला माणूस पितळी गोळे हवेत खेळवतो, आणि ते बघून हॅझलिटला स्वतःच्या लिखाणाची लाज वाटते: याच्या इतकं बिनचूक मला काय येतं? निबंध सुंदर आहे. खेळणाऱ्याचं नाव मात्र त्यात नाही. त्या काळी लंडन गाजवणाऱ्या रामो सामी या कलावंताचं नाव आपल्याला जाहिरातींतून आणि बातम्यांतून कळतं. तो १८५० मध्ये लंडनलाच वारला, आणि अंत्यविधीच्या खर्चासाठी त्याच्या बायकोला वर्तमानपत्रातून मदत मागावी लागली.

कृतीसाठी थांबावं लागतं १९२२ पर्यंत. मेजर ब्रॅन्सन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने ‘इंडियन कॉन्ज्युरिंग’ नावाचं छोटं पुस्तक काढलं. तो स्वतः हौशी जादूगार. त्यात भारतीय वाट्या कशा असतात, कशा धरतात, आंब्याचं झाड, टोपलीचा खेळ, हे सगळं आहे. सूर वरचढपणाचा आहे, विलायती जादूगार श्रेष्ठ असं त्याला वाटतं. पण निरीक्षण बारीक आहे, त्यामुळे ते पुस्तक टाळून चालत नाही. ज्यांचे हात बघून त्याने लिहिलं, ती माणसं मात्र त्यात एक जमात म्हणून येतात. स्कॉटने निदान कॉटारेसचं नाव दिलं होतं.

आणि स्वतंत्र भारतात या माणसांची नोंद कुठल्या कागदावर झाली? मुंबई भीक प्रतिबंध अधिनियम, १९५९. या कायद्यातल्या भीक मागण्याच्या व्याख्येत गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं यांच्या निमित्ताने सार्वजनिक जागी पैसे घेणंही येतं. म्हणजे तोच खेळ तिकीट लावून नाट्यगृहात केला तर कला, आणि रस्त्याच्या कडेला केला तर गुन्हा ठरू शकतो. हा कायदा दिल्लीलाही लागू केला होता. तिथे उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी त्यातली कलमं रद्द केली, पण तो निकाल दिल्लीपुरता. महाराष्ट्रात कायदा उभा आहे.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी हा खेळ बसवत असेल, तर माझी सूचना अशी. व्हर्ननची रचना करत असाल तर १९५७चं पुस्तक सांगा, आणि गॅन्सनचंही नाव घ्या. पायाभूत हालचाली सांगताना १५८४ आणि १६३४ वेगळे ठेवा. आणि मूठवाल्या वाट्या घेऊन बसणार असाल, तर फक्त ब्रॅन्सनवर थांबू नका. या वाट्यांनी खेळणारी घराणी अजून आहेत. त्यांच्याकडे जा, शिकण्याचे पैसे द्या, त्यांच्या परवानगीने प्रयोग आणि बडबड दोन्ही रेकॉर्ड करा, आणि वर तारीख, गाव, शिकवणाऱ्याचं नाव, त्याने कुणाकडून घेतलं त्याचं नाव, असं लिहून ठेवा. हे लिहायला पानाचा एक कोपरा पुरतो. १९२२ मध्येही पुरला असता.

वेळ झाली, आपण थांबू. प्रश्न असतील तर माइक मागच्या रांगेपासून सुरू करूया.